मेट्रोसाठी मोठी पाण्याची लाइन हलवताना: आधी काय, नंतर काय आणि कुठे फसतं

मेट्रोच्या आड येणारी पाण्याची लाइन बाजूला घ्यायचीय एवढं कळलं की बहुतेक साइटवर आधी जेसीबी येतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. चर खोदणं, पाइप टाकणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड असतात ते शटडाऊनचे तास, म्हणजे जुनी लाइन बंद करून नवी जोडायला मिळणारे वीस-चोवीस तास. त्यात काही चुकलं की अर्ध्या शहराचं पाणी जातं, नगरसेवकापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोन येतात आणि मग घाईत जे जोडकाम होतं ते पुढची वीस वर्षं गळतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या तासांभोवती रचलंय. शटडाऊनच्या आत जे करावंच लागतं तेवढंच आत ठेवायचं, बाकी सगळं आधी उरकायचं.

हे साधारण ३०० ते ९०० मिमीच्या लाइनींसाठी आहे, पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरात मेट्रोच्या कामात याच जास्त आडव्या येतात. घरगुती कनेक्शनचा विषय वेगळा, पण तोही शेवटी अंगावर येतोच, त्याबद्दल टप्पा ४ मध्ये आहे.

## टप्पा १: लाइन खरंच हलवायची गरज आहे का ते आधी ठरवा

एलिव्हेटेड मेट्रोला खांबाच्या जागीच अडचण असते. पाइल कॅप (खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) साधारण पाच-सहा मीटर चौरस, त्याच्या बाजूला पाइलिंग रिग (पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारं मशीन) उभं राहायला जागा, बस्स. दोन खांबांच्या मधली लाइन तशीच राहू शकते. खांब एक-दोन मीटर पुढेमागे करून किंवा पाइल कॅपचा आकार बदलून ९०० मिमीची लाइन वाचत असेल तर ते कधीही स्वस्त पडतं, फक्त हा प्रश्न डिझाइनवाल्यांना ड्रॉइंग फायनल व्हायच्या आत विचारायला हवा. नंतर विचारला तर कोणी ऐकत नाही.

अंडरग्राउंड स्टेशनचं तसं नसतं. दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा खड्डा वरून उघडायचा असतो, त्यात लांबीच्या दिशेने जाणारी लाइन हलवावीच लागते. आडवी जाणारी लाइन मात्र खड्ड्यावर स्टीलच्या गर्डरला टांगून चालू ठेवता येते, पण टांगायची तर पाइप वेल्डेड एमएस म्हणजे पोलादी हवा. जुन्या बिडाच्या म्हणजे सीआय लाइनला शिशाचे जॉइंट असतात, ती टांगली की एकेक जॉइंट निघायला लागतो. तेवढा तुकडा आधी एमएसचा करा आणि मग टांगा.

ट्रामचा प्रकार सगळ्यात किचकट. रूळ रस्त्यातच काँक्रीटच्या स्लॅबवर बसतात, म्हणजे त्या पूर्ण पट्ट्याखाली नंतर दुरुस्तीला हातच घालता येत नाही, म्हणून सगळ्या लांबीतली लाइन बाहेर काढायची. एडिनबर्गमध्ये पाणी, गॅस, केबल हलवायचं काम पुरतं संपलेलं नसताना ट्रॅकचं काम सुरू झालं, दोन्ही कामं एकमेकांच्या पायात आली, आणि जो प्रकल्प ५४.५ कोटी पौंडात व्हायचा होता तो २०१४ ला सुरू झाला तेव्हा बिल ७७.६ कोटींवर गेलं होतं. त्यामागे कारणं आणखीही होती, पण आपल्या कामाचा धडा एवढाच की लाइन हलवून संपल्याशिवाय पुढच्या कंत्राटदाराला जागा ताब्यात देऊ नका.

ट्राम किंवा डीसी करंटवर चालणारी मेट्रो असेल तर आणखी एक भानगड. रुळांतून परत जाणारा करंट थोडा जमिनीत गळतो, जवळच्या लोखंडी पाइपात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइप खातो. पुणे, नागपूरची मेट्रो २५ केव्ही एसीवर आहे, तिथे हा त्रास तसा येत नाही. बंगळुरूला ७५० व्होल्ट डीसी आहे, तिथे काम करत असाल तर एमएस पाइपचं कोटिंग आणि इन्सुलेटिंग जॉइंट (करंट पुढे न जाऊ देणारे जोड) डिझाइनमध्येच लिहून घ्या.

## टप्पा २: नकाशा घ्या, पण विश्वास ट्रायल पिटवर ठेवा

पाणीपुरवठा विभागाकडून लाइनचा नकाशा मागवा, तो मिळेल, आणि त्यात लाइन रस्त्याच्या ज्या कडेला दाखवलीय तिथे ती असेलच असं नाही. नकाशा निघाल्यानंतर दोनदा रस्ता रुंद झालेला असतो, आणि "फुटपाथपासून तीन मीटर" म्हणजे कुठल्या फुटपाथपासून हे आता कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून नकाशासोबत दोन माणसं शोधा: त्या भागाचा चावीवाला (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस) आणि रिटायरमेंटला आलेला जुना फिटर. कुठे कधी लाइन फुटली होती, कुठे डांबराखाली व्हॉल्व्ह गाडला गेलाय, कुठे कोणी परस्पर क्रॉस कनेक्शन (एका लाइनीतून दुसऱ्या लाइनीला जोड) मारलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. त्यांना साइटवर चहा पाजा आणि रस्त्यावर चालत चालत खडूने खुणा करून घ्या.

जीपीआर (जमिनीत रडार लहरी सोडून पाइप शोधणं) जरूर करा पण ओल्या काळ्या मातीत त्याला खोलवरचं नीट दिसत नाही. शेवटी हाताने खोदलेला ट्रायल पिटच खरा. दर ५०-६० मीटरवर एक, शिवाय जिथे जोडणार आहात त्या दोन्ही टोकांना एकेक सक्तीचा. मशीन नको, पहार-कुदळ, आणि शेवटचे अर्धा फूट तर फावड्यानेच, कारण शेजारी एचटी केबल (उच्च दाबाची विजेची केबल) आहे की नाही हे खोदेपर्यंत माहीत नसतं. जुन्या शहरात काय निघेल सांगता येत नाही. मुंबईची ट्राम १९६४ ला बंद झाली, पण हुतात्मा चौकात खोदताना तिचे रूळ २०१७ ला वर आले.

पिटमध्ये पाइप उघडा पडला की एवढं मोजून वहीत लिहा:

- पाइपचा वरचा माथा रस्त्यापासून किती खोल
- पाइप कशाचा: बीड, डीआय (डक्टाइल आयर्न), एमएस, एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंट) की काँक्रीट
- बाहेरचा घेर, टेप गुंडाळून, दोन ठिकाणी
- जवळचा जॉइंट किती अंतरावर
- जमिनीत पाणी लागलं का, किती खोलीवर

यातला घेर सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. "६०० ची लाइन" हा बोलायचा आकडा. ६०० च्या डीआय पाइपचा बाहेरचा व्यास ६३५ मिमी असतो, म्हणजे घेर १९९५ मिमीच्या आसपास. जुना बिडाचा पाइप इंचात बनलेला, त्याचा बाहेरचा व्यास त्याच्या क्लासप्रमाणे बदलतो, शिवाय तो पूर्ण गोल असेलच असं नाही. हे न मोजता मागवलेला कपलिंग (दोन पाइपांची टोकं जोडणारा तुकडा) शटडाऊनच्या रात्री बसत नाही, आणि रात्री तीन वाजता ६०० चा दुसरा कपलिंग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तपासा: घेर भागिले ३.१४१६ केल्यावर येणारा व्यास कपलिंग बनवणाऱ्याला लेखी कळवला का? फोनवर "सहाशेचा द्या" असं सांगितलं असेल तर अजून वेळ आहे, लेखी पाठवा.

## टप्पा ३: व्हॉल्व्ह बंद होतात का ते आधीच बघा

शटडाऊन फसायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे व्हॉल्व्ह. नकाशावर दोन व्हॉल्व्ह दिसतात, ते बंद केले की लाइन कोरडी असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एक डांबराखाली सापडत नाही, दुसरा सापडतो पण त्याचा स्पिंडल (फिरवायचा दांडा) फिरतच नाही, आणि फिरला तरी पासिंग मारतो, म्हणजे पूर्ण बंद होऊनही पाणी येतच राहतं.

म्हणून खऱ्या शटडाऊनच्या महिनाभर आधी एक ट्रायल शटडाऊन घ्या, तीन-चार तासांचं, पाणी सोडायची वेळ नसताना. सगळे व्हॉल्व्ह बंद करा, स्कोअर (लाइन रिकामी करायचा खालच्या भागातला व्हॉल्व्ह) उघडा आणि किती पाणी येतं ते बघत बसा. तासाभरानेही मनगटाएवढी धार चालू असेल तर कुठून येतंय ते शोधा. बऱ्याचदा ते मुख्य व्हॉल्व्हमधून येतच नसतं, कोणालाच माहीत नसलेल्या एखाद्या क्रॉस कनेक्शनमधून शेजारच्या झोनचं पाणी येत असतं.

खराब व्हॉल्व्ह बदलायला वेगळं छोटं शटडाऊन लागेल. कंटाळा येतो, पण ते घ्याच. त्यापेक्षा पुढचा व्हॉल्व्ह वापरू असं ठरवलंत तर रिकामी करायची लाइन लांबते. ६०० मिमीच्या दीड किलोमीटर लाइनीत सव्वाचार लाख लिटर पाणी असतं, दहा हजार लिटरचे बेचाळीस टँकर. ते १५० च्या स्कोअरमधून निघायला दोन-अडीच तास सहज जातात, तेही शेजारचा नाला ते पाणी घेत असेल तर.

सावध: व्हॉल्व्ह चेंबरमध्ये माणूस उतरवण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या आणि गॅस डिटेक्टर आत सोडा. बंद चेंबरमध्ये ऑक्सिजन कमी असू शकतो आणि त्याचा वास येत नाही. एक जण आत असेल तर एक जण वर उभा, दोरीसकट.

## टप्पा ४: नवा मार्ग आणि कागदावरच्या चुका

नवी लाइन कुठून न्यायची हे ठरवताना सगळे आधी जागा बघतात, ते बरोबरच आहे, पण चार गोष्टी राहून जातात.

पहिली, बेंड. लाइन खांबाला वळसा घालून न्यायची म्हणजे दोन्ही टोकांना मिळून किमान चार बेंड. पाण्याच्या दाबाने प्रत्येक बेंड बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. ६०० च्या डीआय पाइपवर ९ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) टेस्टला एका टोकावर साडेअठ्ठावीस टन जोर येतो, ४५ अंशाच्या बेंडवर जवळपास बावीस टन आणि ९० च्या बेंडवर चाळीस टन. भरलेले दोन मोठे डंपर बेंडवर टेकून उभे आहेत असं समजा. हा जोर थ्रस्ट ब्लॉकने (बेंडमागे ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याने) मागच्या न खोदलेल्या मातीवर टाकायचा असतो. त्या मागच्या मातीतच उद्या केबलवाला किंवा ड्रेनेजवाला खोदणार असेल तर ब्लॉक असून नसल्यासारखा, तिथे रिस्ट्रेंड जॉइंट (ओढ आली तरी न सुटणारा जोड) किंवा वेल्डेड एमएस घ्या. मेट्रोच्या कामात हे नेहमी होतं कारण त्याच पट्ट्यात सगळ्यांचीच लाइन हलत असते. ९० चा एक बेंड टाकण्यापेक्षा ४५ चे दोन टाका, पाण्यालाही सोपं जातं.

दुसरी, उंच-सखल. एखाद्या ड्रेनेजच्या वरून लाइन नेली की तिथे उंचवटा तयार होतो आणि हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्ह हवाच. खालून नेली की खोलगट भाग होतो, तिथे स्कोअर हवा. ड्रॉइंगमध्ये प्लॅन असतो, लांबीचा छेद नसतो, म्हणून हे दिसतच नाही. छेद काढून घेतल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करू नका.

तिसरी, ड्रेनेजपासूनचं अंतर. समांतर जात असेल तर तीन मीटर लांब ठेवायचं असं म्हणतात, शहरातल्या रस्त्यात ते दर वेळी मिळत नाही. मग निदान पाण्याची लाइन ड्रेनेजच्या वर ठेवा आणि क्रॉसिंगच्या जागी पाण्याच्या पाइपचा जॉइंट येऊ देऊ नका, अख्ख्या पाइपचा मध्य तिथे आणा. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत ओढ तयार होते आणि सैल जॉइंटमधून बाहेरची घाण आत येते. चोवीस तास दाब असलेल्या शहरांत हा धोका खूप कमी, म्हणून तिकडची ड्रॉइंग जशीच्या तशी उचलू नका.

चौथी, कनेक्शन. जुन्या लाइनीवर किती सोसायट्या, किती ब्रँच, किती हायड्रंट आहेत याची यादी कोणाकडेच नसते. घरोघरी फिरून करावी लागते. नवी लाइन रस्त्याच्या पलीकडे गेली तर ही सगळी कनेक्शन रस्ता ओलांडून न्यावी लागतील, त्याचा खर्च आणि खोदाई कोणाच्या एस्टिमेटमध्ये आहे? बहुतेक वेळा कोणाच्याच नसते.

## टप्पा ५: परवानग्या, सामान आणि कॅलेंडर

महापालिका स्वतः काम करणार आणि मेट्रो पैसे भरणार, की मेट्रोचा ठेकेदार करणार आणि पालिका देखरेखीचे पैसे घेणार, हे आधी लेखी ठरवा. दुसऱ्या प्रकारात पाइपाची फॅक्टरी तपासणी कोण करणार हेही लिहा, नाहीतर पाइप साइटवर येऊन पडतात आणि पालिकेचा इंजिनिअर म्हणतो माझी तपासणी झाली नाही.

कॅलेंडर उलटं बनवा. पावसाळ्यात खोदाई बंद असते, पुण्यात गणपतीच्या आधी मिरवणुकीचे रस्ते मोकळे हवेत, दिवाळीत शटडाऊन कोणी देणार नाही, परीक्षांच्या आणि निवडणुकीच्या काळात पण नाही. उन्हाळ्यात पाणीकपात चालू असेल तर अजून अवघड. हातात जे महिने उरतात त्यातूनच शटडाऊनची तारीख काढायची आणि मागे मोजत यायचं.

सामानात पाइप सहज मिळतो. उशीर लागतो तो मोठे व्हॉल्व्ह, स्पेशल (बेंड, टी असे तुकडे), कपलिंग आणि ज्याला टेलपीस म्हणतात त्या, व्हॉल्व्हला पाइप जोडणाऱ्या छोट्या तुकड्यांना. ऑर्डर आधी त्यांची.

तपासा: डीआय पाइपवर आयएस ८३२९ चा मार्क आणि क्लास (के७ की के९) छापलेला आहे का, आणि रबर रिंग पाइप बनवणाऱ्याचीच आहे का. रिंगा उन्हात पडू देऊ नका, गोणीत घालून सावलीत ठेवा.

## टप्पा ६: चर आणि पाइप टाकणं

हे सगळ्यांना येतं, म्हणून थोडक्यात. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्या. रस्त्यालगत बस जात असताना चराची भिंत केव्हा बसेल काही भरवसा नसतो. माती चराच्या काठावर टाकू नका. खाली खडक असेल तर तो जास्त खोदून मुरूम किंवा वाळूची गादी करा, पाइप दगडावर टेकलेला असेल तर पुढे तिथेच फुटतो. सॉकेटच्या (पाइपाच्या जाड तोंडाच्या) जागी छोटा खड्डा करा म्हणजे पाइप पूर्ण लांबीवर टेकेल, नुसता सॉकेटवर नाही.

जॉइंट बसवताना कंपनीचं लुब्रिकंट वापरा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावणारे अजून आहेत, त्याने रबर फुगतं आणि पाण्याला वास येतो. पाइप कापला तर कापलेल्या टोकाला चॅम्फर करा (कड तिरकी घासा), नाहीतर धारेने रिंग कापली जाते आणि ते टेस्टच्या दिवशी कळतं.

आणि रोज संध्याकाळी उघडं टोक बंद करायचं. गोणपाट कोंबून नाही, प्लेट किंवा प्लग लावून. नव्या लाइनीत कुत्र्याचं पिल्लू, चिंध्या, सिमेंटच्या गोण्या, काय वाट्टेल ते सापडतं, आणि ते काढायला पुन्हा जॉइंट उघडावा लागतो.

## टप्पा ७: प्रेशर टेस्ट, जुन्या लाइनीला हात लावायच्या आधी

नवी लाइन पूर्ण टाकून, दोन्ही टोकं जुन्या लाइनीपासून चार-पाच मीटर अलीकडे थांबवून, टेस्ट करायची. थ्रस्ट ब्लॉकचं काँक्रीट निदान सात दिवसांचं झालेलं हवं.

१. टोकांना ब्लँक (तोंड बंद करायच्या प्लेटा) लावा आणि त्यांच्या मागे आधार द्या. वरचा साडेअठ्ठावीस टनाचा आकडा इथेही लागू आहे, लाकडी ओंडके लावून भागत नाही.

२. खालच्या टोकाकडून हळू भरा, वरचे एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवून. हवा राहिली तर टेस्ट खोटी येते, आणि पाइप सुटला तर दाबलेली हवा पाण्यापेक्षा कितीतरी धोकादायक.

३. चोवीस तास भरून ठेवा. आतलं सिमेंटचं लायनिंग पाणी पितं, लगेच टेस्ट घेतली तर दाब उतरतो आणि लोक उगीच गळती शोधत बसतात.

४. टेंडरमधल्या दाबाला, साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट, चढवा आणि ठरलेला वेळ धरा. जॉइंट उघडे असतानाच बघा, भरणी नंतर.

सावध: चालू लाइनीच्या बंद व्हॉल्व्हवर टेस्ट कधीच घेऊ नका. व्हॉल्व्ह पासिंग असेल तर टेस्टचं घाण पाणी लोकांच्या नळात जातं, आणि दाब कुठे उतरतोय तेही कळत नाही.

## टप्पा ८: धुणं आणि क्लोरिन

लाइन धुवायला पाण्याला वेग लागतो, सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास. ६०० च्या लाइनीत त्याला सेकंदाला अडीचशे लिटर पाणी लागेल, टँकरने होणारच नाही. म्हणून मोठ्या लाइनीत फोमचा पिग (पाइपात घट्ट बसणारा फोमचा गोळा) पाठवून आधी घाण बाहेर काढा आणि मग साधं धुवा. पाइप टाकताना टोकं बंद ठेवली असतील तर हे काम निम्मं झालेलं असतं.

मग क्लोरिन. लिटरला २५ मिलिग्रॅम, चोवीस तास. हिशेब करून दाखवतो: ६०० मिमीची ३०० मीटर लाइन म्हणजे ८५ हजार लिटर, त्याला सव्वादोन किलोला थोडं कमी क्लोरिन. ब्लीचिंग पावडरमध्ये २५ टक्के क्लोरिन धरलं तर साडेआठ किलो पावडर. पण पोतं महिनाभर उघडं पडलेलं असेल तर त्यात १५ टक्केसुद्धा उरत नाही, मग चौदा किलो लागेल. म्हणून पावडर तपासून घ्या. कोरडी पावडर पाइपात ओतू नका, पिंपात कालवून, निवळी घेऊन, पाणी भरतानाच थोडी थोडी सोडा म्हणजे सगळीकडे सारखी जाते. चोवीस तासांनी लांबच्या टोकाला लिटरला १० मिलिग्रॅम तरी शिल्लक हवं, नसेल तर परत.

हे पाणी नाल्यात तसंच सोडायचं नाही, सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरिन मारा. मग स्वच्छ पाणी भरून नमुना लॅबला द्या. कोलीफॉर्मचा (पाणी दूषित असल्याचं दाखवणाऱ्या जिवाणूंचा) रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात, ते धरून शटडाऊनची तारीख पक्की करा. रिपोर्ट हातात नसताना तारीख जाहीर करणं ही फारच कॉमन चूक आहे.

## टप्पा ९: शटडाऊनची रात्र

पुण्यात शटडाऊन बहुधा गुरुवारी असतं, लोकांना सवय झालेली असते. शहर कुठलंही असो, बातमीत "दुसऱ्या दिवशी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल" हे लिहाच, आणि उंचावरच्या, लाइनीच्या शेवटच्या भागांना दोन दिवस धरा. आधीच्या संध्याकाळी सगळ्या टाक्या काठोकाठ भरून घ्या. हॉस्पिटल, डायलिसिस सेंटर यांना वेगळा फोन आणि टँकर.

साइटवर दुपारीच हे सगळं आलेलं हवं: दोन जनरेटर, डीवॉटरिंगचे पंप लागतात त्यापेक्षा एक जास्त, दोन गॅस कटर सेट, भरलेले जादा सिलेंडर, हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि तिचा झोप न आलेला ड्रायव्हर, चार वेल्डर, कपलिंग, आणि जुन्या पाइपाच्या मापाचा एक जादा तुकडा. तो तुकडा परतीसाठी. काही केल्या जमलं नाही तर जुन्या लाइनीचा कापलेला भाग याने जोडून पाणी चालू करायचं. पंपाच्या वायरी पाण्यात लोळतात आणि माणसं ओल्या खड्ड्यात असतात, ईएलसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) एकही कनेक्शन देऊ नका.

वेळ साधारण अशी बसते:

रात्री १० ला व्हॉल्व्ह बंद करायला सुरुवात, हळूहळू. १२ ला स्कोअर उघडा. ३ च्या सुमारास लाइन रिकामी. इथे थांबा आणि सगळ्या चावीवाल्यांना फोन करून विचारा, सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, स्कोअरची धार कमी झाली ना. कट मारायचा निर्णय एकाच माणसाचा, त्याचं नाव आधी ठरलेलं. कट मारेपर्यंत माघार फुकट असते.

कट मारताना बीडाचा पाइप एकदम उसळतो किंवा चिमटतो, ब्लेड अडकतं, म्हणून दोन्ही बाजूंना आधार देऊन मगच कापा आणि एक ऐवजी दोन कट मारून मधला तुकडा उचला. उघड्या तोंडातून थोडं पाणी येतच राहणार. एमएस वेल्डिंग असेल तर पाइपाच्या आत खालच्या बाजूला बांध घालून ते पाणी पंपाने ओढत राहा, ओल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही आणि धरल्यासारखं वाटलं तरी पिन होल राहतात. दोन वेल्डर समोरासमोर एकाच वेळी. नव्या तुकड्यांना आणि कपलिंगला आतून क्लोरिनच्या पाण्याने पुसून घ्या, हे जोडचे चार-पाच मीटर टेस्ट आणि क्लोरिनमधून गेलेले नसतात.

दुपारी २ हा निर्णयाचा टाइम. तोवर दोन्ही टोकांचा फिट-अप (जोडायचे तुकडे जागेवर जुळवून बसवणं) झालेला नसेल तर परतीचा तुकडा लावायला घ्या. "अजून दोन तास द्या साहेब" हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं, त्याचे दहा तास होतात.

## टप्पा १०: पाणी सोडणं

एवढं सगळं नीट झाल्यावर लाइन इथे फुटते, कारण वरून दबाव असतो आणि चावीवाल्याला सांगितलं जातं की पटकन उघड. व्हॉल्व्ह सुरुवातीला एक-दोन फेरेच उघडा. एअर व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसत जाऊ द्या, त्यातून सलग पाणी आल्यावर पुढचे फेरे. तोपर्यंत दोन्ही जोडांवर माणूस टॉर्च घेऊन उभा. जोड दिसताहेत तोवरच गळती कळते, म्हणून भरणी त्यानंतर.

पहिलं पाणी स्कोअरमधून सोडून द्या, गढूळपणा गेला की झोनचे व्हॉल्व्ह एकेक करून उघडा. जुन्या लाइनीतला गंज हलल्यामुळे लांबच्या भागात एक-दोन दिवस लालसर पाणी येतं. शेवटच्या घरातल्या नळाला क्लोरिन तपासा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं.

## टप्पा ११: जुनी लाइन आणि राहिलेली कामं

सगळी कनेक्शन नव्या लाइनीवर गेलीत याची यादीवर खूण करा, मगच जुनी लाइन बंद. एखादी सोसायटी राहिली तर ती जुन्या लाइनीच्या साठलेल्या पाण्यावर दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी मोर्चा येतो.

बंद केलेल्या लाइनीची टोकं प्लेट वेल्ड करून किंवा काँक्रीटने बंद करा. पाइलच्या जागेतला तुकडा काढून टाका, बाकीचा रस्त्याखाली राहणारा मोठा पाइप पातळ ग्राउटने भरून घ्या. रिकामा ठेवला तर उद्या बोगद्याचं किंवा पाइलिंगचं पाणी त्यातूनच वाट काढून भलत्याच ठिकाणी निघतं, आणि सगळे चालू लाइन फुटली म्हणून खोदत सुटतात. रिग चालवणाऱ्या ठेकेदाराला "बंद लाइन" आणि "चालू लाइन" वेगवेगळ्या रंगात दाखवलेला नकाशा द्या.

ॲज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्षात जसं टाकलं तसा नकाशा) चर उघडा असतानाच टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून घ्या, भरणीनंतर आठवणीवर काढू नका. प्रत्येक जॉइंट, बेंड, व्हॉल्व्ह यांचे कोऑर्डिनेट आणि खोली, सोबत फोटो. एक प्रत मेट्रोला, एक पाणीपुरवठ्याला, आणि एक लॅमिनेट करून त्या भागाच्या चावीवाल्याकडे. डांबरीकरणाच्या दिवशी साइटवर स्वतः थांबा आणि व्हॉल्व्ह चेंबरची झाकणं रस्त्याच्या लेव्हलला आलीत हे बघूनच रोलर पुढे जाऊ द्या.